साडेनऊ तासांच्या अंतरावरून: अमेरिकेतल्या टीमबरोबर पुण्यातून काम करताना

तुमचा प्रॉडक्ट ओनर, आर्किटेक्ट आणि सर्व्हरचे अॅक्सेस देणारा माणूस असे तिघंही अमेरिकेच्या पूर्वेकडच्या भागात बसत असतील, तर एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात डोक्यात पक्की करा. अर्धवट विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला एक दिवस मोजावा लागतो. सकाळी ११ वाजता तुम्ही त्यांच्यातल्या एकाला चॅटवर ‘हाय, एक विचारायचं होतं’ असं टाकता. तिकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो. आपल्या संध्याकाळी तो ‘हो, विचार ना’ लिहितो, तोवर तुम्ही भूमकर चौकात अडकलेले असता. दुसऱ्या दिवशी तुम्ही खरा प्रश्न लिहिता. संध्याकाळी त्याचा उलट प्रश्न येतो, ‘कुठल्या एन्व्हायर्नमेंटवर?’ झाला तिसरा दिवस. यात आळशी कुणीच नाही, तरी शुक्रवारच्या स्टेटस कॉलवर तिकीट (तुमच्या कामाची नोंद) लाल, म्हणजे अडलेलं, दिसतं आणि नाव तुमचं असतं.

मी हिंजवडीच्या फेज २ मध्ये बसते आणि बरीच वर्षं ओहायोतल्या कोलंबसच्या टीमबरोबर काम करते आहे. आमच्याकडे येणारी नवी मुलं कोडिंगला कमी नसतात. त्यांचं अडतं ते या अंतरात. म्हणून टीममध्ये नव्याने आलेल्याला मी तोंडी जे सांगते, तेच इथे लिहून काढलं आहे. तुम्ही बंगळूर, हैदराबाद किंवा नोएडाला बसत असाल तरी फरक पडत नाही, कारण सगळ्या देशाचं घड्याळ एकच आहे.

आधी घड्याळ

भारताची वेळ यूटीसीच्या (जगाच्या प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे असते, बाराही महिने. अमेरिकेची वेळ वर्षातून दोनदा सरकते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. त्यामुळे कोलंबस उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा. टीम शिकागोकडची असेल तर दोन्हींत एक तास वाढवा, कॅलिफोर्नियाची असेल तर तीन. अॅरिझोनाचा बहुतेक भाग घड्याळ बदलतच नाही. तिथली माणसं टीममध्ये असली की मार्चनंतर त्यांच्याच सहकाऱ्यांचा गोंधळ उडतो, आपण तर लांबच.

याचा रोजच्या जगण्यातला अर्थ असा: तिकडच्या कॅलेंडरवर सकाळी ९:३० ला ठेवलेला स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग) उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी ७ ला येतो आणि नोव्हेंबरनंतर ८ ला. एका तासाने घर हलतं. मुलांचं जेवण, क्लासमधून आणणं, कंपनीची कॅब, सगळंच. म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी टीममध्ये सरळ विचारा, ‘हिवाळ्यात हा कॉल तुमच्या ८:३० ला घेता येईल का?’ विचारलं तर बऱ्याचदा हो म्हणतात. आपण आठ वाजता हैराण होतो हे त्यांना आपोआप कळावं, अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

टीममध्ये लंडनचंही कुणी असेल तर मार्च आणि ऑक्टोबरचा शेवट जपून. ब्रिटनमध्ये घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातं. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि नोव्हेंबरच्या तोंडावर एक आठवडा अमेरिका नि ब्रिटन यांचं नेहमीचं अंतर बदललेलं असतं. त्या आठवड्यांत मीटिंगचं आमंत्रण ज्याच्या कॅलेंडरवरून गेलं त्याची वेळ खरी धरायची.

वेळ लिहिताना ‘ईएसटी’ लिहायची सवय मोडा. ईएसटी ही तिकडची हिवाळ्यातली वेळ. उन्हाळ्यात तिकडे ईडीटी चालू असतो, आणि एखादा काटेकोर माणूस तुमच्या ईएसटीवरून एक तास चुकीचा हिशेब करतो. ‘कोलंबसची सकाळ १०, पुण्याची संध्याकाळ ७:३०’ असं दोन्ही लिहिलं की वाद मिटतो. तारखेतही महिन्याचं नाव अक्षरांत लिहा. ०३/०४ ही तारीख आपल्याला तीन एप्रिल वाटते, त्यांना चार मार्च.

‘शुक्रवारपर्यंत’ हा शब्द सगळ्यात फसवा. त्यांचा शुक्रवार संध्याकाळी ५ ला संपतो तेव्हा आपला शनिवार उजाडून रात्रीचे अडीच वाजलेले असतात. तुम्ही शनिवारी लॅपटॉप उघडणार नसाल, आणि उघडू नयेच, तर ‘आमच्या शुक्रवारी संध्याकाळी ६ पर्यंत, म्हणजे तुमच्या शुक्रवारी सकाळी ८:३० पर्यंत’ असं ठरवून घ्या.

प्रश्न असा लिहा की उलट प्रश्न येऊ नये

एवढा एकच भाग नीट वाचला तरी चालेल. बाकीचं हळूहळू अंगवळणी पडतं, हे पडत नाही.

‘स्टेजिंगवर इनव्हॉइस डाउनलोड होत नाहीये, प्लीज बघा.’ असा मेसेज (स्टेजिंग म्हणजे ग्राहकापर्यंत जाण्याआधी तपासायचा सर्व्हर) मला आठवड्यातून एकदा तरी दिसतो. वाचणाऱ्याने सकाळी कॉफी घेऊन बसल्यावर यात काय बघायचं? तो चार प्रश्न विचारणार, तुम्ही दुसऱ्या दिवशी चार उत्तरं देणार. त्याऐवजी हे पाहा (खरा मेसेज इंग्रजीत जातो, इथे मराठीत लिहिते. ४०३ म्हणजे ‘परवानगी नाही’ ही एरर, कमिट म्हणजे कोडमधल्या बदलाची नोंद, पीआर म्हणजे आपला बदल मुख्य कोडमध्ये मिसळायची, म्हणजे मर्ज करायची, विनंती):

‘स्टेजिंगवर इनव्हॉइस डाउनलोड केल्यावर ४०३ येतो. फक्त व्ह्यूअर रोलच्या युजरला. अॅडमिनला नीट चालतं. परवापर्यंत दोघांनाही चालत होतं. कालच्या डिप्लॉयमध्ये परमिशनच्या फाइलची एक ओळ बदललेली दिसते, ती कमिट आणि लॉग सोबत जोडले आहेत. लोकलवर ती ओळ मागे घेतली की चालतं. ही ओळ मुद्दाम बदलली आहे का, एवढंच मला हवं आहे. मुद्दाम असेल तर मी व्ह्यूअरला ते बटणच दिसू नये असं करतो. चुकून असेल तर ओळ मागे घेतो. तुमच्या आजच्या दिवसात उत्तर आलं नाही, तर उद्या मी दुसरा पर्याय धरून पीआर तयार ठेवतो. तुमच्या होकाराशिवाय मर्ज करणार नाही.’

लिहायला वीस मिनिटं जातात. तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, वीस मिनिटं घाल, दोन दिवस वाचव. शिवाय लिहिता लिहिता निम्म्या वेळा उत्तर आपल्यालाच सापडतं आणि मेसेज पाठवावाच लागत नाही. कुठल्या रोलला चालतं नि कुठल्या नाही, हे लिहायचं म्हणून तपासायला जाता आणि गाठ तिथेच सुटते.

त्या मेसेजमधलं शेवटून दुसरं वाक्य नीट पाहा. ‘उत्तर आलं नाही तर मी हे करीन’ हे वाक्य घातलं की तुमचा पुढचा दिवस कुणाच्या झोपेवर अवलंबून राहत नाही. समोरच्यालाही बरं पडतं, कारण त्याला निबंध लिहायचा नसतो, एका शब्दात हो किंवा नाही म्हणायचं असतं. पण हे फक्त मागे घेता येईल अशाच कामाला लावायचं. पीआर टाकणं, ब्रँच काढणं, स्टेजिंगवर करून पाहणं ठीक. डेटा पुसणं, प्रॉडक्शनची (ग्राहक वापरतो त्या सर्व्हरची) सेटिंग बदलणं, ग्राहकाला जाणारी मेल, यांना ‘उत्तर आलं नाही म्हणून केलं’ हे कारण कधीच चालत नाही. तिथे अडून बसा, दिवस गेला तरी जाऊ द्या आणि तिकिटावर तसं लिहा.

प्रश्न एकट्या माणसाच्या चॅटमध्ये न टाकता टीमच्या चॅनेलवर टाका आणि त्याला टॅग करा. तो रजेवर असला तर दुसरं कुणी उत्तर देतं. नव्या मुलांना चॅनेलवर विचारायची लाज वाटते, ‘एवढंही येत नाही म्हणतील’ अशी. कुणी म्हणत नाही. उलट एकट्याच्या चॅटमध्ये तीन दिवस रुतून बसलेला प्रश्न स्टेटस कॉलवर उघडा पडतो, तेव्हा मात्र म्हणतात.

आणि ‘सर’ नको. कॉलेजात, घरात, पहिल्या नोकरीत आपल्याला मोठ्यांना नावाने हाक मारायची सवय नसते. तिकडे डायरेक्टरलाही पहिल्या नावाने बोलावतात. ‘डिअर सर’ने सुरू झालेला मेसेज त्यांना बँकेच्या नोटिशीसारखा वाटतो. पहिले दोन आठवडे जीभ अडखळते, मग होतं.

दिवसाची मांडणी

सकाळी ९ ते रात्री ९ असा सलग दिवस करू नका. तरुण आहात तोवर शरीर तक्रार करत नाही, एवढ्यावर जाऊ नका. ज्या दिवशी संध्याकाळी कॉल आहे त्या दिवशी सकाळी उशिरा सुरू करा, किंवा दुपारी दीड-दोन तास कॅलेंडरवर लाल करून ठेवा नि खरोखर उठा. कंपनीत हजेरीचं कार्ड स्वाइप करायचे दिवस ठरलेले असतील, तर हिंजवडीकरांना माझा सल्ला असा की साडेसातच्या आत फेज गाठा आणि चारच्या आत निघा. कॉल घरून घ्या. शिवाजी चौकातून संध्याकाळी सातला घरी जाताना हॉटस्पॉटवर स्टँडअप देणारे पुष्कळ बघितलेत. त्यांचा ‘अॅम आय ऑडिबल?’ सगळ्या टीमला पाठ असतो.

तिकडची माणसं झोपलेली असतात तो वेळ सोन्याचा आहे. सकाळी १० ते दुपारी ३ चॅट शांत असतं, कुणी कॉलवर ओढत नाही. अवघड कोड तेव्हा लिहा. टाइमशीट, ट्रेनिंगचे सक्तीचे व्हिडिओ, रजेचे अर्ज हे सगळं चारनंतर ढकला. सोमवार सकाळ तर सगळ्यात शांत, कारण तिकडे रविवारची रात्र असते.

पीआर संध्याकाळी ६ च्या आत टाका आणि छोटा टाका. कोलंबसचा रिव्ह्यूअर सकाळी पहिल्या तासात ताजा असतो. तेव्हा रांगेत तुमचा पीआर असेल तर तुम्ही कॉलवर असतानाच त्याच्या कमेंट येतात आणि त्याच संध्याकाळी मर्ज होतो. रात्री ११ ला टाकलेला, चाळीस फाइलींचा पीआर दोन दिवस लोळतो. काय बदललं हे डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडच्या फरकात, दिसतंच. पीआरच्या वर्णनात का बदललं, काय करून पाहिलं नि सोडून दिलं, आणि तपासायचं कसं, ते लिहा.

दिवस संपवताना हँडओव्हर. तीन-चार ओळी पुरतात: काय संपलं, कुठे अडलं, कुणाकडून काय हवं. ‘इनव्हॉइसवर काम केलं’ ही ओळ निरुपयोगी. ‘डाउनलोडची दुरुस्ती पीआरमध्ये आहे, व्ह्यूअरची टेस्ट अजून फेल होते, मॉकमध्ये रोल येत नाही, उद्या तिथून सुरू’ ही कामाची. अर्धवट असली तरी ब्रँच पुश करा. तुमच्या लॅपटॉपमधला कोड वाकडमध्ये बंद पडून राहिला आणि तिकडे प्रॉडक्शन पेटलं, तर त्या कोडचा कुणाला उपयोग नाही.

संध्याकाळचा कॉल

हे दोन तास दोन्हीकडची माणसं एकाच वेळी जागी असण्याचे. जे लिहून होतं ते कॉलवर वाचून दाखवू नका. लिहून न सुटणारी गोष्ट आणा, डिझाइनचा वाद, अडलेला अॅक्सेस, दोन अर्थ निघणारी रिक्वायरमेंट.

ज्याने काम केलं त्याने बोलायचं. आपल्याकडे लीड सगळ्यांच्या वतीने बोलतो आणि बाकीचे पाच जण म्यूटवर बसतात, मग वर्षभर तिकडच्यांना त्या पाचांची नावंही कळत नाहीत. बोलणं वेगात गेलं, उच्चार कळले नाहीत, तर तिथेच थांबवा. ‘मला असं समजलं, बरोबर का?’ असं म्हणून आपल्या शब्दांत परत सांगा. नुसता ‘ओके’ म्हणणं महागात पडतं. कॉल संपला की दहा मिनिटांत चॅनेलवर ठरलेल्या गोष्टी लिहून टाका, मग त्याच खऱ्या. आठवणीवर कुणाचाही भरवसा नको, त्यांच्याही नाही. आणि कुकरची शिट्टी झाली, सासूबाईंनी मागून हाक मारली, तर ओशाळू नका. त्यांच्याकडेही कुत्रं भुंकत असतं.

कॉलवर तारीख देऊ नका. दिवसभराच्या थकव्यानंतर साडेआठला कुणीतरी गोड आवाजात विचारतं, ‘गुरुवारपर्यंत होईल ना?’ आणि आपल्या तोंडून ‘प्रयत्न करतो’ निघतं. आपल्या मनात त्याचा अर्थ ‘बहुतेक नाही’ असा असतो, त्यांच्या वहीत मात्र गुरुवार लिहिला जातो. ‘उद्या तुमच्या सकाळपर्यंत आकडा देतो’ एवढंच म्हणा आणि खरंच द्या. एस्टिमेट देताना कोड लिहायचे दिवस सगळे मोजतात, पण रिव्ह्यूची वाट, टेस्ट डेटा मिळणं, अॅक्सेसचं तिकीट मंजूर होणं, हे धरत नाहीत. ज्या कामात तिकडच्या होकाराची गरज आहे, त्यात प्रत्येक होकाराला एक दिवस मोजा. तीन होकार लागणार असतील तर दोन दिवसांचं काम पाच दिवसांचं आहे. हे फाजील वाटत असेल तर मागच्या पाच तिकिटांच्या तारखा काढून बघा.

कोडमधली वेळ

माणसांना छळणारं अंतर कोडलाही छळतं, आणि हे बग नेमके आपल्याच माथी येतात, कारण लॅपटॉप भारतीय वेळेवर चालतो.

सर्व्हरचे लॉग यूटीसीत असतात. आपली मध्यरात्र म्हणजे यूटीसीची संध्याकाळ ६:३०, हा आकडा पाठ करा. रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळेत आपल्याकडे घडलेली गोष्ट यूटीसीत आदल्या तारखेला दिसते. ‘कालच्या नोंदी गायब आहेत’ म्हणून तिकीट आलं की पहिली शंका इथे घ्या. तसंच कोलंबसच्या दुकानाचा एक दिवस यूटीसीत उन्हाळ्यात पहाटे ४ ते ४, हिवाळ्यात ५ ते ५. रोजच्या विक्रीचा रिपोर्ट यूटीसीच्या मध्यरात्रीवर कापला असेल, तर तिथल्या उन्हाळ्यात रात्री ८ नंतरची आणि हिवाळ्यात ७ नंतरची विक्री दुसऱ्या दिवसात जाते.

डेटाबेसमध्ये घडून गेलेल्या गोष्टीची वेळ यूटीसीत ठेवा. पुढच्या गोष्टीची, म्हणजे अपॉइंटमेंट किंवा रोज ठरल्या वेळी जाणारी मेल असेल, तर तिथली स्थानिक वेळ आणि झोनचं नाव ठेवा. ओहायोसाठी ते नाव ‘अमेरिका/न्यूयॉर्क’. ‘उणे पाच’ असा नुसता आकडा ठेवलात तर मार्चमध्ये सगळं एक तासाने हुकेल. आपल्या झोनचं नाव ‘एशिया/कोलकाता’ असं आहे. जुन्या सिस्टिममध्ये ‘एशिया/कलकत्ता’ सापडेल, ते त्याचंच जुनं नाव, घाबरू नका. अंतर नेहमी पूर्ण तासांचं असतं असं गृहीत धरून लिहिलेला कोड आपल्या अर्ध्या तासावर आपटतो, आणि नेपाळच्या पाऊण तासावर तर हमखास.

रात्रीच्या शेड्यूल केलेल्या जॉबकडे, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे, विशेष लक्ष. मार्चच्या त्या रविवारी तिथे पहाटे २ ते ३ हा तास अस्तित्वातच नसतो. स्थानिक वेळेवर २:३० ला लावलेला जॉब, शेड्यूलर कसा आहे त्यावर, चालत नाही किंवा भलत्या वेळी चालतो. नोव्हेंबरमध्ये १ ते २ हा तास दोनदा येतो, तेव्हा जॉब दोनदा चालू शकतो. बिलं पाठवणारा जॉब असेल तर ग्राहकाला दोन बिलं. आपल्याकडे हे रविवारी दुपारी घडतं, मार्चमध्ये साडेबाराला, नोव्हेंबरमध्ये साडेअकराला, म्हणजे ऑन-कॉल असलेल्याच्या (बिघाड झाला की बघायची पाळी ज्याची, त्याच्या) जेवणावर. जॉब त्या दोन तासांच्या बाहेर हलवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. शिवाय जॉब दोनदा चालला तरी बिल एकदाच जाईल असा लिहा.

टेस्ट तुमच्याकडे पास आणि बिल्ड सर्व्हरवर फेल होत असेल, तर कोड वाचत बसण्याआधी टेस्ट एकदा यूटीसीत आणि एकदा न्यूयॉर्कच्या झोनमध्ये चालवून बघा. त्यासाठी टीझेड हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलला की बहुतेक वेळा भागतं.

सण आणि सुट्ट्या

गणपती, दिवाळी दरवर्षी वेगळ्या तारखेला येतात आणि हे तिकडे कुणाला माहीत नसतं. जानेवारीत वर्षाची यादी शेअर्ड कॅलेंडरवर टाका, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर धरून, आणि दर सणाच्या तीन आठवडे आधी पुन्हा आठवण करा. ‘त्या आठवड्यात टीममधले चार जण गावी असतील’ हे स्पष्ट लिहा. त्यांची रिलीज बरोबर लक्ष्मीपूजनाला येते ती दुष्टपणाने नाही, माहितीअभावी.

त्यांच्याही तारखा ठेवा. मे महिन्याचा शेवटचा सोमवार, ४ जुलै, सप्टेंबरचा पहिला सोमवार, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. त्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, दुसऱ्या दिवशी खरेदीची झुंबड. ग्राहक रिटेलमधला असेल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून कोड फ्रीज (प्रॉडक्शनवर नवे बदल बंद) लागतो आणि डिसेंबरच्या शेवटी कुणीच जागेवर नसतं. प्रॉडक्शनला जायचं काही महत्त्वाचं असेल तर दिवाळीच्या आगेमागे संपवा. डिसेंबरमध्ये टेस्ट लिहा, जुनी लायब्ररी बदला, रजा काढा.

शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय नको हे सगळीकडेच सांगतात. आपल्याकडे त्याला जास्त कारण आहे, कारण त्यांच्या शुक्रवार दुपारी फुटलेलं आपल्या शनिवारच्या मध्यरात्री निस्तरायचं असतं.

रात्र, वीज, कॅब

घरून ऑन-कॉल करणार असाल तर राउटर इन्व्हर्टरवर घ्या, निदान राउटरपुरता छोटा यूपीएस. पुण्यात देखभालीची वीजबंदी बहुधा गुरुवारी असते, महावितरणचा मेसेज येतो तो वाचत जा. दुसऱ्या कंपनीचं सिम फोनमध्ये ठेवा. पावसाळ्यात ब्रॉडबँडची केबल कुठल्या तरी खड्ड्यात तुटलेली असतेच.

ऑन-कॉलच्या रात्री जाग आली तर आधी अॅलर्ट स्वीकारल्याचं नोंदवा, मग चॅनेलवर ‘मी बघतोय’ लिहा, मगच लॉग उघडा. तेव्हा कोलंबसमध्ये दुपार असते, तिथे ऑफिस भरलेलं असतं. पहाटे दोनला एकट्याने झुंजण्यात शौर्य नाही, टॅग करून उठवा, ते जागेच आहेत. रात्री तीन तास गेले तर सकाळी उशिरा या आणि तसं आदल्या रात्रीच लिहून ठेवा. परवानगी मागायची ही गोष्ट नाही, कळवायची आहे.

मुलींसाठी एक वेगळं. रात्री ९:३० ते सकाळी ७ या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि सुरक्षित घरपोच वाहनाची सोय मालकाने करायची, हे २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमातच आहे. ‘रिलीज आहे, थांब जरा, रिक्षा मिळेल’ हे चालत नाही. कॅब कोणत्या गेटवरून, सोबत सुरक्षारक्षक आहे का, शेवटचा थांबा कुणाचा, हे आधी विचारा. मी माझ्या टीममध्ये रात्रीची रिलीज ऑफिसातून ठेवतच नाही. घरून करा, नाहीतर तिकडच्यांनी त्यांच्या दुपारी करावी.

लिहून ठेवलेलं कामाला येतं

ज्याने तुमचं रेटिंग ठरवायचं तो इथला मॅनेजर, आणि तुमचं काम ज्याने पाहिलं तो कोलंबसचा आर्किटेक्ट. दोघांचं आपसांत बोलणं तिमाहीतून एकदा, तेही बजेटवर. त्यामुळे तुम्ही काय केलं हे मॅनेजरला कळण्याचा एकच मार्ग उरतो, तो तुम्ही. एक साधी फाइल ठेवा. शुक्रवारी टाइमशीट भरतानाच त्यात दोन ओळी टाका: कुठला बग, त्याने काय वाचलं, कोणत्या तिकिटावर पुरावा आहे. तिकडून कुणी कौतुकाचं लिहिलं तर ते वाक्य तारखेसह जसंच्या तसं उचलून ठेवा. ‘मेहनत केली’ असं त्या फाइलमध्ये कुठे नको. ‘दोन बिलं जाण्याचा बग नोव्हेंबरच्या आधी बंद केला’ असं हवं.

बऱ्याच कंपन्यांत वर्ष एप्रिल ते मार्च धरतात, रेटिंगची चर्चा मार्चमध्ये होते आणि आकडे त्याआधीच ठरत आलेले असतात. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मॅनेजरकडून अर्धा तास मागा, फाइलमधल्या निवडक दहा ओळी आदल्या दिवशी पाठवा, आणि आर्किटेक्टलाही दोन ओळींचा अभिप्राय मॅनेजरच्या मेलवर पाठवायची विनंती करा. ती विनंती त्याच्या सकाळी पोहोचेल अशी शेड्यूल करून ठेवा.